धोंडप्पांची कोरडी पिशवी

सोमवारी सकाळी धोंडप्पांच्या गल्लीत पाऊल टाकायला जागा नव्हती. उदगीरकडच्या दोन पिकअप, निलंग्याची एक काळीपिवळी, शिरूरचे ऑटो, आणि ज्यांना काहीच मिळालं नाही ते पायी. बायकांच्या हातात बेलाची पानं आणि नारळ, पुरुषांच्या हातात मोबाइल. दारातून एका वेळी सात-आठ जणांना आत सोडत होते. आत गेलेली माणसं डोळे पुसत बाहेर येत होती आणि रांगेतल्यांना सांगत होती, "डोळ्यांनी बघून आलो. एक थेंब न्हाई. कोरडीठाक हाय."

कोरडीठाक काय होतं? तर एका शहाऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याच्या पोटावर चिकटवलेली प्लास्टिकची पिशवी. देवाच्या नावानं लोक कशाकशाच्या पाया पडतात हे मी पुष्कळ पाहिलं आहे, पण रिकाम्या पिशवीच्या दर्शनाला लागलेली रांग मी पहिल्यांदाच पाहत होते.

माझं नाव सिंधु. शिरूर अनंतपाळला माझा दवाखाना आहे आणि धोंडप्पा माझे पेशंट. त्यांचं गाव शिरूरपासून दोन कोसांवर आहे. गावाचं नाव मी सांगणार नाही, कारण धोंडप्पांच्या बायकोला, नागम्माला, अजून त्याच गावात राहायचं आहे.

आठवडाभर मी माहेरी, हिमायतनगरला, भाचीच्या लग्नात होते. परत येऊन दवाखाना उघडला तर पहिल्याच बाईनं खुर्चीत बसता बसता बातमी दिली, "बाई, तुमच्या धोंडप्पाची पिशवी सुकली म्हणं. महाराजांनी सुकवली." तिच्या चेहऱ्यावर आनंद होता. मी तिला कंपाउंडरच्या हवाली केलं आणि गाडी काढली.

हे सगळं कुठून सुरू झालं ते आधी सांगते. हिवाळ्याच्या सुरुवातीला धोंडप्पांचं पोट फुगायला लागलं. दोन घास खाल्ले की उलटी, आणि परसाकडला रक्त. मी त्यांना लातूरला पाठवलं. तपासण्यांत निघालं की मोठ्या आतड्याच्या खालच्या टोकाला कॅन्सरची गाठ आहे आणि तिनं वाट जवळजवळ बंद केली आहे. मग घरात बैठक बसली. निम्मे भाऊबंद म्हणाले, एवढ्या वयात चिरफाड कशाला, आहेत तेवढे दिवस सुखानं जाऊ द्या. आडतीचं दुकान चालवणारा त्यांचा मुलगा सोमेश गप्प बसून होता. शेवटी धोंडप्पाच बोलले, "मरायचं मला भ्या न्हाई. पर उपाशी मरायचं न्हाई. भाकर पोटात ठरंल आसं करा. मग कापा न्हाईतर शिवा."

त्या एका वाक्यावर ऑपरेशन झालं. गाठ निघाली, आतडं पुन्हा जोडलं. ही नवी जोड नीट भरून यावी म्हणून सर्जननी लहान आतड्याचा एक भाग काही महिन्यांसाठी पोटावर बाहेर काढला. जे पुढं जायचं ते तिथूनच बाहेर पडणार, आणि ते झेलायला एक पिशवी लावायची. जोड पक्की झाली की आतडं पुन्हा आत जाणार. इतकी ही साधी गोष्ट. धोंडप्पांना मी कागदावर आतडं काढून समजावलं तर ते म्हणाले, "म्हंजे रस्त्याचं काम चालू हाय, तवर बाजूनं वळवलं." मी म्हटलं, हाव, तसंच.

पण एक गोष्ट कागदावर काढता येत नव्हती. धोंडप्पांचं घर लिंगायतांचं. गळ्यात बांधलेल्या इष्टलिंगाची पूजा केल्याशिवाय धोंडप्पांनी जन्मात कधी पाण्याचा घोट घेतला नव्हता. ऑपरेशनला नेताना ते लिंग काढून सोमेशच्या हातात दिलं गेलं. त्यानं ते शर्टाच्या खिशात जपून ठेवलं, आणि औषधं, रक्त, सही, पळापळ, या सगळ्यात दोन दिवस परत बांधायचं विसरून गेला. नेमक्या त्याच दोन दिवसांत धोंडप्पा भ्रमले. नर्सला आई म्हणायला लागले, सुया ओढायला लागले, आणि कधीच वारलेल्या थोरल्या भावाशी, मडिवाळप्पाशी, कानडीत बोलायला लागले.

एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर फार म्हाताऱ्या माणसाचं असं होतं. भूल, वेदना, तापाची कणकण, अनोळखी जागा, यांनी थकलेला मेंदू काही दिवस वाट चुकतो. त्यात धोंडप्पांचा चष्मा आणि कानातलं यंत्र घरी राहिलेलं, म्हणजे दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. मी सोमेशला दोन्ही वस्तू आणायला पिटाळलं. लिंग गळ्यात बांधायला लावलं. नागम्मा त्यांच्या उशाशी बसून सांगत राहिली, आज कोणता वार, कोण आलंय, बाहेर ऊन किती आहे. हळूहळू ते भानावर आले आणि घरी गेले.

घरी काय करायचं हे मी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं होतं. मऊ भात, वरणाचं पाणी, थोडं थोडं, पण दिवसातून अनेकदा. मीठ-साखरेचं पाणी सारखं जवळ, कारण या पिशवीतून अंगातलं पाणी भराभर जातं. अंथरुणावर पडून राहू द्यायचं नाही. उठवायचं, बसवायचं, आधार देऊन चालवायचं. मी लग्नाला गेले तेव्हा धोंडप्पा नागम्माचा हात धरून अंगणापर्यंत येत होते. मागच्या वेळी मला म्हणाले होते, "पुढल्या बारीला आलात की हुरडा खाऊ." हुरडा खायला अजून अवकाश होता, पण असं काही मागणारा म्हातारा जगतो, हा माझा अनुभव आहे.

घरादाराला मात्र पिशवी सोसवेना. भेटायला आलेल्या बायका पदर नाकाला लावायच्या. एका पाहुण्यानं सोमेशला दारातच विचारलं, "गळ्यात लिंग, आन पोटावर घाण? हे चालतंय व्हय?" त्या दिवसापासून सोमेश जेवताना मान वर करीना. दिवेलागणीला धोंडप्पा अजून कधीमधी मडिवाळप्पाला हाक मारायचे, तेवढ्यावर भाऊबंदांनी निदान करून टाकलं. लिंग उतरवलं होतं, त्या दोन दिवसांत थोरला भाऊ अंगात शिरला. मग कुणाच्या तरी मेव्हण्यानं गुरुलिंग महाराजांना आणलं.

मी गर्दीतून वाट काढत दाराशी गेले तेव्हा महाराज आतल्या माणसांना चमत्कार समजावून सांगत होते. वय पस्तिशीचं, दाढी तेल लावून विंचरलेली, हातात वेताची छडी. शाळेत नकाशावर नद्या दाखवतात तशी ते छडी पोटावरच्या पिशवीकडे रोखत होते.

"शस्त्रानं उघडलेलं दार शस्त्रानं बंद होत नसतंय. ते शास्त्रानंच बंद करावं लागतंय. आतड्यात सात गाठी. सातवीत विष. डाक्टरला दिसती एक गाठ, ती काढली की तो पैसे घेऊन मोकळा. बाकीच्या सहा कोण सोडवणार? आम्ही सोडवल्या. भस्मानं. आता बघा, विष आटलं. घाण आटली. शरीर शुद्ध झालं. कैलासाची वाट अशीच कोरडी असती."

"कैलासावर तर बर्फ असतो म्हणतात," मी दारातून म्हटलं.

दोघंतिघं हसले आणि लगेच ओशाळले. महाराजांनी माझ्याकडे पाहिलं. मी मात्र धोंडप्पांकडे पाहत होते.

त्यांना भिंतीला टेकवून मांडी घालून बसवलं होतं. पाठीमागे लोड, दोन्ही बाजूंना उशा, कमरेला पंचा बांधून भिंतीतल्या खुंटीला अडकवलेला, म्हणजे कलंडू नयेत. कपाळभर, दंडांवर, छातीवर भस्माचे पट्टे. गळ्यात हार होता, लिंग नव्हतं. चष्मा नव्हता, कानातलं यंत्र नव्हतं. मान एका अंगाला पडलेली. आमच्याकडे लिंगायतांत माणूस वारला की त्याला असंच मांडी घालून, भस्म लावून, हार घालून बसवतात आणि बसलेल्या अवस्थेतच मातीत ठेवतात. ते मी कितीतरी घरांत पाहिलं आहे. इथं जिवंत माणसाला तसं बसवलं होतं.

नागम्मा आतल्या दाराच्या चौकटीला टेकून बसली होती. माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.

मी गुडघे टेकून धोंडप्पांची नाडी पाहिली. बारीक आणि फार भराभर चाललेली. डोळे खोल गेलेले. जीभ लाकडासारखी कोरडी, तिच्यावर राखेचा थर. पापण्या उघडल्या तर बुबुळं जड, झोपेतली. त्यांनी ओठ हलवले. मी कान जवळ नेला.

"नीरु," ते म्हणाले. कानडीत पाणी.

"मडिवाळप्पा बोलून राहिला," मागून एक सेवेकरी म्हणाला.

"पाणी मागतायत," मी म्हणाले.

"हे पाणी न्हाई मागत त्ये," महाराज म्हणाले. "त्यायला कैलासातलं पाणी पाहिजे. तुमच्या बिसलेरीत न्हाई मिळायचं."

मी सोमेशला हाक मारली. तो हात जोडूनच पुढं आला.

"लघवी केव्हा झाली अप्पांना?"

त्यानं बायकोकडे, अंबिकाकडे, पाहिलं. ती म्हणाली, "काल सकाळी थोडी झाली, बाई. चहावानी."

"आणि खाल्लं काय?"

महाराजच म्हणाले, "लिंग अंगावर नसल्यावर अन्नपाणी घेणं हे महापाप. तुम्हाला ठाऊक नसंल, तुम्ही आमच्यातल्या न्हाईत. लिंग शुद्धीसाठी आमच्याजवळ हाय. पिशवी ओली व्हायाची पूर्ण बंद झाली की लिंग परत अंगावर. मग अन्न."

मला हसावं की रडावं कळेना. पिशवी कोरडी झाल्याशिवाय लिंग नाही, लिंग नाही म्हणून अन्न नाही, आणि अन्न नाही म्हणून पिशवी कोरडी. काय कुलूप बनवलं होतं बेट्यानं.

"म्हणजे तुम्ही आल्या दिवसापासून यांच्या पोटात अन्न नाही."

"भस्म हाय. सकाळ-संध्याकाळ चमचाभर तीर्थात."

"सोमेश, हा माणूस तुझ्या वडलांना उपाशी मारतोय. आत्ताच्या आत्ता लातूरला न्यायचं."

गर्दीत कुजबुज वाढली. सोमेश जागचा हलला नाही. "बाई, तुम्ही म्हणता ते... पर अप्पा किती शांत झाले बघा की. आधी ओरडायचे. आता महाराज म्हणले, अप्पांनी स्वतः ठरवलंय. येत्या पुनवेला अप्पा स्वतःच्या इच्छेनं लिंगैक्य होणार. वावरात समाधीचा खड्डाबी घेऊन ठिवलाय."

या माणसाचा दोन्हीकडून फायदा होता. म्हातारा जगला तर महाराजांनी जगवला, आणि मेला तर महाराजांनी कैलासाला पोचवला, शिवाय वर समाधी, उत्सव आणि पेटी. एका उपाशी म्हाताऱ्याच्या मरणाची तारीख सांगायला काही सिद्धी लागत नाही. पाणी बंद करणाऱ्याला ती कळतेच.

"मी पोलिसांना फोन करते," मी म्हणाले आणि पर्समधून फोन काढला. एका सेवेकऱ्यानं माझा हात धरला. मागून कुणीतरी ओरडलं, बाईला बाहेर काढा, दर्शन अडून राहिलंय. खरं सांगते, मला भीती वाटली. ही सगळी माणसं माझ्याच दवाखान्यात खोकल्याची, तापाची औषधं घेणारी, आणि त्यांच्यातला एकही माझ्याकडे पाहत नव्हता.

तेवढ्यात पुढं बसलेली एक बाई म्हणाली, "पिशवी बघा."

पोटावरची पिशवी फुगत होती. आधी नुसत्या हवेनं. मग आत पिवळसर पातळ काहीतरी उतरलं, थांबलं, पुन्हा उतरलं. खोलीत वास पसरला. पुढच्या रांगेतल्या माणसांनी बसल्या जागी मागं सरकायला सुरुवात केली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आतडं चालू होतं. पण ते चालायला पोटात काहीतरी जायला हवं होतं, आणि ते कुठून गेलं हे मला कळेना.

महाराजांना मात्र लगेच कळलं. त्यांचा तो कैलासी आवाज कुठल्या कुठं गेला आणि ते छडी आपटत गरजले, "कुणी खाऊ घातलं ह्याला? सांगा, कुणी घातलं? रोज पहाटे मी सवता नवी पिशवी लावतो, आजबी लावलीया. पोटात काही गेल्याबिगर हे यिऊच शकत न्हाई."

मी उठून उभी राहिले. "महाराज, पुन्हा एकदा सांगा. मागच्यांना ऐकू आलं नाही."

त्यांनी छडी खाली घेतली.

"नाही सांगत? मग मी सांगते," मी गर्दीकडे वळले. "महाराज म्हणाले, पोटात काही गेल्याशिवाय पिशवीत काही येत नाही. मी आख्खी डॉक्टरकी शिकले ती एवढंच सांगायला. तुमच्या दावणीची म्हैस चारा-पाणी तोडल्यावर शेण टाकते का? आणि नाही टाकलं तर तुम्ही तिला नारळ फोडता, की डॉक्टर आणता? तरी दिवसाकाठी थोडं काही यायचंच. म्हणून महाराज रोज पहाटे, तुम्ही यायच्या आधी, नवी कोरी पिशवी लावतात. आत्ता त्यांनीच सांगितलं. तुम्ही ज्याच्या पाया पडताय ती दुकानातून आणलेली रिकामी पिशवी आहे."

नागम्मा उठली. चौकट धरून, एकेक पाय टाकत ती नवऱ्याजवळ आली.

"म्या घातलं," ती म्हणाली. "तांबडं फुटायच्या आधी, तुमी पिशवी बदलून गेल्यावर. वाटीभर पेज, मीठ घालून. चमच्यानं पाजली. नीरु नीरु करून राहिले होते. चार दिवस ऐकलं. मला ऐकवना."

"बाई, तुम्ही व्रत मोडलं," महाराज म्हणाले. "लिंगाचा विटाळ केला. नवऱ्याचं मरण तुमच्या माथी."

नागम्मा कधी कुणाच्या तोंडाला लागणारी बाई नव्हे. तिच्याशी माझी इतक्या वर्षांची ओळख, पण तिचा आवाज मी त्या दिवशीच नीट ऐकला.

"माझी पाच बाळंतपणं झाली, महाराज. ह्याच घरात झाली. अंगाखाली रगत, आन गळ्यात लिंग. सासू म्हणली, लिंग असलेल्याला विटाळ न्हाई, सुतक न्हाई, काढायचं न्हाई. पाचीबी बारीला काढलं न्हाई. तवा मला विटाळ झाला न्हाई, आन ह्यांच्या पोटातलं अन्न खालून यायच्या ऐवजी बाजूनं आलं तर ह्यायला विटाळ? हे कुणी शिकवलं तुम्हाला? आमच्यात तर न्हाई असलं." तिनं हात पुढं केला. "माझ्या मालकाचं लिंग द्या."

रांगेतल्या दोन-तीन म्हाताऱ्या बायकांनी माना हलवल्या. एक म्हणाली, "हाव, खरं हाय तिचं. विटाळ कुठं असतो आपल्यात?" दुसरी म्हणाली, "द्या की लिंग. ठिवून काहून घेतलं?"

महाराजांनी झोळी पाठीशी ओढली. त्या झोळीतून भस्माच्या दोन पुड्या डोकावत होत्या, एक मोठी, एक लहान. मी लहान पुडी उचलली.

"कपाळाला मोठ्या पुडीतलं लावता आणि तोंडात या पुडीतलं देता, होय ना? दोन भस्मं कशाला?"

"हे मंत्रून घेतलंय."

मी बोटाच्या टोकाला लावून जिभेवर ठेवलं. कडू जहर. "राख कडू नसते. बायांनो, चुलीवरची भांडी आयुष्यभर घासलीत, राख कधी कडू लागली? यात गोळ्या कुटून घातल्यात. जुलाब बांधायच्या, आणि झोपेच्याही असणार. म्हणून आतडं थंडावलं आणि म्हणून अप्पा शांत. भूत बित काही उतरलं नाही. माझं खोटं असेल तर महाराजांनी ही पुडी इथं बसून सगळ्यांसमोर खावी. नुसतं भस्म आहे ना? खा. मी इथंच थांबते."

अख्खी खोली महाराजांकडे पाहायला लागली. त्यांनी पुडी घेतली नाही. आज सोमवार, आज आमचा उपास, असं काहीतरी ते पुटपुटले. लहान मुलालाही पटणार नाही असा तो बहाणा होता. सोमेश जागेवरून उठला, त्यांच्या हातातली झोळी हिसकावली आणि जमिनीवर उपडी केली. हारांच्या, सुट्या नोटांच्या आणि दोन-तीन नव्या कोऱ्या पिशव्यांच्या गर्दीत कापडात गुंडाळलेलं लिंग होतं. ते उचलताना तो लहान पोरासारखा रडत होता.

गर्दी पांगायला वेळ लागला नाही. महाराजही त्या गर्दीतच निसटले. रागानं त्यांच्यामागे धावण्यापेक्षा मला खुंटीला बांधलेला पंचा सोडायची घाई होती. आम्ही धोंडप्पांना आडवं केलं. नागम्मानं लिंग गळ्यात बांधलं, चष्मा लावला. मी सलाइन लावलं आणि आम्ही लातूरच्या वाटेला लागलो.

इथं ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. चमत्काराच्या गोष्टीत भोंदू उघडा पडला की टाळ्या पडतात. पण शहाऐंशी वर्षांच्या देहाला टाळ्यांचा उपयोग नसतो. पाण्यावाचून त्यांच्या किडन्या वाळल्या होत्या. ऑपरेशननं सुधारत चाललेला माणूस, चार-पाच दिवसांत आम्हाला परत ओढून आणता येणार नाही इतका लांब गेला होता. लातूरच्या डॉक्टरांनी जीव तोडून प्रयत्न केले.

झोपेचं औषध उतरल्यावर ते जागे झाले. नागम्माला ओळखलं. पहिल्यांदा मागितलं ते वरण-भात. तिनं एकेक घास भरवला आणि त्यांनी खाल्ला. मला म्हणाले, "बाई, ह्ये लोकं मला बसवून ठिवत हुते. पाठ लई दुखायची. सांगायचं म्हणलं तर जीभ उचलायची न्हाई." त्यांना सगळं समजत होतं. तहान समजत होती, समोरून हात जोडून जाणारी माणसं समजत होती. हे ऐकल्यापासून मला त्या गर्दीतल्या कुणाचाही नमस्कार नकोसा होतो. त्या आठवड्याच्या शेवटाला धोंडप्पा गेले.

वावरात खड्डा तयारच होता. भाऊबंद त्याच खड्ड्याकडे निघाले तेव्हा नागम्मा आडवी आली. "त्या खड्ड्यात न्हाई. त्यो जित्या माणसासाठी खांदला हुता." दुसरा खड्डा घेईपर्यंत माणसं उन्हात उभी राहिली.

महाराजांवर मी आणि सोमेशनं तक्रार दिली. चौकशीत कळलं की महाराज होण्याआधी हा इसम देगलूरकडे एका औषध दुकानात कामाला होता. पुडी तपासणीला गेली आहे. महाराज जामिनावर बाहेर आहेत आणि नायगावकडच्या खेड्यांत मोबाइलवर धोंडप्पांचा फोटो दाखवत सांगतायत, "आम्ही पिशवी सुकवली होती. बायकोनं व्रत मोडलं, डाक्टरांनी नेलं, म्हणून गेला."

आणि वाईट हे, की गावातही तेच बोलू लागले. त्या दिवशी माना हलवणारी माणसंच पाणवठ्यावर कुजबुजू लागली. महाराज ढोंगी असंल, पर म्हातारा घरी होता तवर जिता होता ना? म्हातारीनं पेज पाजली त्याच्या पाचव्या दिवशी गेला, हे खोटं हाय का? फसलो होतो हे कबूल करण्यापेक्षा एका म्हातारीवर बोट ठेवणं सोपं असतं.

धोंडप्पांच्या नावानं गणाराधना केली, जेवणं घातली. पंगत बसली होती. मीही गेले होते. नागम्मा वाढायला म्हणून बाहेर आली, हातात भाताचं भगुणं. एक जाऊबाई शेजारणीला हळूच म्हणत होती, पण म्हाताऱ्या बायकांचं हळूच सगळ्यांना ऐकू येतं, "हिनं पाजलं आन गेला बिचारा."

नागम्मानं भगुणं खाली ठेवलं. ओरडली नाही, रडली नाही.

"गंगव्वा, जेव तू. तुमी समदे जेवा. आन जेवता जेवता ऐका. तुमी समदे माझ्या घरी आलतात. माझ्या नवऱ्याच्या पाया पडलात. कुणी नारळ आणला, कुणी हार आणला. इतकी माणसं आली, पर एकानंबी पाण्याचा तांब्या आणला न्हाई. म्याबी चार दिवस आणला न्हाई. पाचव्या दिवशी आणला. म्या पेज पाजली म्हणून मालक गेले न्हाईत. चार दिवस पाजली न्हाई म्हणून गेले. माझ्यावर बोट ठिवायचं आसंल तर त्या चार दिवसांसाठी ठिवा. आन मग सवतावरबी ठिवा."

तिनं भगुणं उचललं आणि गंगव्वाच्या पानापासून भात वाढायला सुरुवात केली.

तिनं सांगितलं त्याहून जास्त मला सांगता येणार नाही, पण डॉक्टर म्हणून चार गोष्टी सांगितल्यावाचून राहवत नाही. तुमच्या घरात असा म्हातारा किंवा म्हातारी असेल, पोटाचं ऑपरेशन झालेली, पिशवी लावलेली, तर त्या पिशवीची लाज बाळगू नका. ती भरते म्हणजे माणूस जगतोय. ती अचानक कोरडी पडली तर दवाखान्यात न्या, महाराजाकडे नव्हे. म्हातारं माणूस भ्रमात बोलायला लागलं तर ते भूत नसतं, आजार असतो. त्याचा चष्मा पुसून डोळ्यांवर लावा, कानात यंत्र घाला, हात धरून सांगा तो कुठं आहे. आणि अचानक भ्रमलं तर डॉक्टरला सांगा. त्याला उठवा, चालवा, घासघास भरवा, घोटघोट पाजा. बरं होणं हे असंच असतं, हळू आणि वासाचं आणि कंटाळवाणं. त्यात पाहण्यासारखं काही नसतं, म्हणून त्याला रांग लागत नाही.

आणि कुणी तुम्हाला अन्नपाणी तोडायला सांगून देवाचं नाव घेतलं, तर दुसरं काही विचारू नका. आधी पाणी पाजा.